मँचेस्टरमध्ये ताराबाई शिंदे

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला ३ ऑक्टोबर २०२४ ला, आणि त्या दिवशी आमच्या चुलत-मावस भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेजेसचा पाऊस पडला. गाथासप्तशती, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, ज्याला जे आठवेल ते. मी इथे मँचेस्टरला ट्रॅममध्ये उभी राहून वाचत होते आणि खरंच भरून आलं होतं. पण नंतर त्याच ग्रुपवर जो वाद पेटला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

नागपूरच्या भावाने लिहिलं की जुनं सगळं थोरच आहे, पण एकोणिसावं शतक काढून बघा, आपल्याकडे काय होतं? भाषांतरं, नीतिबोध आणि समाजसुधारणेचा प्रचार. त्याच शंभर वर्षांत इंग्रज, फ्रेंच, रशियन लोक कादंबरीला कला म्हणून उभं करत होते आणि आपण विधवाविवाहावर निबंध पाडत होतो. त्यावर पुण्यात शिकणारी भाची म्हणाली, मामा, कला-बिला हे पोट भरलेल्यांचे चोचले, तेव्हा ज्यांनी लिहिलं ते लढायला लिहिलं, त्यात सौंदर्य कसलं शोधता. दोन दिवस हेच चाललं. फडके-खांडेकरांच्या काळातला कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा जुना वाद, तोच चष्मा एकोणिसाव्या शतकाला लावलेला. मला वाईट याचं वाटलं की दोघं एकमेकांवर तुटून पडले होते, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं, की त्या काळच्या मराठी लिखाणात वाक्य म्हणून, भाषा म्हणून बघण्यासारखं काही नाही. आणि दोघांपैकी कुणीही त्यातलं एक पान समोर ठेवलं नाही.

मी चौदा वर्षं ज्या शहरात राहतेय तिथूनच सुरुवात करते, कारण भावाच्या डोक्यात जी "इंग्रजांची कला" आहे तिचा एक मोठा तुकडा इथे घडलाय. प्लिमथ ग्रोव्ह नावाच्या रस्त्यावर ८४ नंबरचं घर आहे, एलिझाबेथ गॅस्केलचं. १८५० पासून १८६५ मध्ये वारेपर्यंत ती इथे राहायची. नवरा युनिटेरियन पंथाचा धर्मोपदेशक, चार मुली, पाहुण्यांची ये-जा, आणि ही बाई लिहायची ते डायनिंग रूममध्ये, म्हणजे स्वयंपाकघराकडे, मुलींकडे, दाराकडे लक्ष ठेवत ठेवत. मी पहिल्यांदा ती खोली बघितली तेव्हा बराच वेळ नुसती उभी होते. आमच्या अकोल्याच्या घरी आजी गहू निवडत बसायची ती पण अशीच, जिथून सगळ्या घरावर नजर राहील अशा जागी.

तिची पहिली कादंबरी 'मेरी बार्टन', १८४८ ची. नऊ-दहा महिन्यांचा मुलगा स्कार्लेट फीव्हरने गेला, त्या दुःखातून बाहेर यायला नवऱ्याने सुचवलं की काहीतरी मोठं लिही, आणि तिने कशावर लिहावं तर गिरणी कामगारांच्या उपासमारीवर. पुस्तक नाव न घालता छापलं गेलं. गिरणीमालक मंडळी चिडली, की आमची बाजू मांडलीच नाही. म्हणजे आज ग्रुपवर आपण ज्याला प्रचार म्हणतो तोच आरोप तिच्यावरही झाला.

आता त्यातलं एक प्रकरण बघा. जॉन बार्टन आणि त्याचा मित्र विल्सन एका तळघरात जातात, तिथे डॅव्हनपोर्ट नावाचा माणूस तापाने फणफणलाय, बाहेरच्या रस्त्यावरची घाण झिरपून फरशी ओली झालीय आणि त्या ओल्या विटांवर मुलं लोळतायत, इतका अंधार की आत शिरल्यावर ती मुलं आहेत हे आधी दिसतच नाही. बार्टन घरी जाऊन आपलं स्वतःचं उरलेलं जेवण आणतो, मग आपला एकुलता एक बरा कोट आणि रुमाल गहाण टाकतो आणि त्या पैशांत अन्न, मेणबत्त्या, कोळसा घेऊन येतो. कुठेही लेखिका मध्ये येऊन हंबरडा फोडत नाही. आणि हे लोक बोलतात ती लँकाशायरची बोली. भुकेने मरणं याला त्यांचा शब्द आहे 'क्लेम'. लंडनच्या वाचकाला तो कळणार नाही म्हणून खाली टीप आहे, आणि त्या टीपेत नुसता अर्थ सांगून सोडलेलं नाही, बेन जॉन्सनच्या नाटकातली ओळ दिलीय, की बघा, ज्याला तुम्ही गावंढळ म्हणता तो शब्द शेक्सपियरच्या काळातला आहे. या बोलीच्या टीपा तिच्या नवऱ्याच्या. मला ती टीप वाचताना अंगावर काटा आला होता, कारण शाळेत "काहून" म्हटलं म्हणून बोलणी खाल्लेल्या सगळ्या वऱ्हाडी पोरांची ती बाजू होती.

कला कुठे सुरू होते आणि सुधारणा कुठे संपते, सांगा मला. ज्या बाईला भूक दाखवायची होती तिलाच भुकेचा नेमका शब्द शोधावा लागला. कामगारांच्या तोंडी लंडनची साफसूफ इंग्रजी घातली असती तर तो प्रचार झाला असता आणि आज कुणी वाचलाही नसता.

पुढची गोष्ट 'रूथ' या तिच्याच कादंबरीची, १८५३. लग्नाशिवाय आई झालेली शिवणकाम करणारी पोर ही नायिका, आणि तिच्याबद्दल माया वाटेल असं लिहिलेलं. चर्चमधल्या, म्हणजे नवऱ्याच्याच मंडळीतल्या दोघांनी ते पुस्तक जाळलं. 'रूथ' वाचताना मला सारखं बुलढाणा आठवत होतं.

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला, नवजात मुलाला मारल्याचा. फाशी ठोठावली, मग अपिलात शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांना विषय मिळाला, बायका किती बिघडल्यात याच्यावर रकानेच्या रकाने. तेव्हा बुलढाण्यातली एक बाई हे सगळं वाचत होती, ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजातले. ताराबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात 'स्त्रीपुरुषतुलना' छापून घेतलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. त्यांचं एवढं एकच पुस्तक आपल्याला माहीत आहे. टीका इतकी झाली की जोतिबांना १८८५ मध्ये 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून त्यांच्या बाजूने लिहावं लागलं. नंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मरणातच गेलं, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा परत हाती आलं. माझं सगळं शिक्षण वऱ्हाडात झालं, बुलढाणा आमच्यापासून खामगाववरून गेलं तर काही तासांवर, आणि ताराबाई शिंदे हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते परदेशात आल्यावर. हे मला अजून टोचतं.

आता त्याला निबंध म्हणा, पत्रक म्हणा, पण वाचून तर बघा कसं लिहिलंय ते. पुरुषांना समोर बसवून "तुम्ही" म्हणून सरळ बोलायला सुरुवात. शास्त्रापुराणांत बाईचे जे जे दुर्गुण सांगितलेत ते एकेक उचलायचे, हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि विचारायचं की हे तुमच्यात नाहीत का? वाक्य थांबायचं नावच घेत नाही, एक प्रश्न संपेपर्यंत दुसरा निघालेला असतो, मध्येच म्हण येते, मध्येच घरातलं एखादं चित्र, मध्येच एकदम आवाज खाली येतो आणि विधवेच्या वाट्याला काय येतं ते सांगताना गळा दाटतो. त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांमध्ये बायका कशा रंगवल्यात त्याचाही समाचार घेतात, म्हणजे बाई समीक्षा करतायत, १८८२ मध्ये, बुलढाण्यात बसून. त्याच काळात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेने मराठी गद्याला एक रुबाब दिला होता, इंग्रजी वळणाचा, संस्कृत शब्दांनी भरलेला, तोही मला आवडतो. पण ताराबाईंचं गद्य वेगळ्या ठिकाणाहून येतं, चुलीपुढून, ओसरीवरून, रागावलेल्या बाईच्या श्वासातून, आणि त्याला लय आहे. ही लय आपोआप येत नाही हो, ती ऐकून, घोळवून, परत परत म्हणून येते. याला कला म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि ताराबाई एकट्या नव्हत्या. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या घराचं, अंगणाचं जे वर्णन आहे ते डॅव्हनपोर्टच्या तळघराशेजारी ठेवून वाचा. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात आलेला मुक्ताबाईचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध वाचा, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी होती ती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मध्ये आठवड्याआठवड्याला 'पण लक्षांत कोण घेतो' छापलं, त्यात सगळी कथा यमूच्या तोंडून, तिच्या बोलण्यात, आणि म्हणूनच तिचं केशवपन होतं तेव्हा आपण हलून जातो. विधवांच्या स्थितीवर त्या काळी भाषणं काय कमी झाली असतील? यमूचा आवाज मात्र अजून कानात राहतो. फुल्यांनी १८८५ मध्ये मराठी लेखकांच्या ग्रंथकार सभेला जे पत्र पाठवलं त्यात त्या मंडळींना 'घालमोडे दादा' म्हटलं, आणि तो एक शब्द अख्ख्या पत्राची हवा सांगून जातो. शब्दाची अशी निवड करणारा माणूस भाषेकडे लक्ष देत नव्हता असं कोण म्हणेल?

भाचीला मला एवढंच सांगायचंय की तू त्यांना नुसते लढवय्ये म्हणतेस तेव्हा त्यांच्या हातातली अर्धी हत्यारं तू बघतच नाहीस. आणि भावाला हे, की तू ज्यांना कलावंत म्हणतोस तेही लढतच होते.

इकडे सगळं चांगलं चाललंय असं अजिबात नाही. गेल्या दीड दशकात या देशात शेकडो सार्वजनिक वाचनालयं बंद झाली, पैसे नाहीत म्हणून. गॅस्केलचं ते घरसुद्धा पार मोडकळीला आलं होतं, दुरुस्त करून २०१४ मध्ये लोकांसाठी उघडलं. तिलाही बरीच वर्षं दुय्यम लेखिका म्हणून एका कोपऱ्यात बसवलं होतं, गावाकडच्या गोड गोष्टी लिहिणारी मिसेस गॅस्केल, गिरण्यांवरच्या कादंबऱ्यांकडे टीकाकार नीट वळले ते १९५० नंतर. आणि गिरण्यांचं सगळं शहर उभं राहिलं ते कुणाच्या कापसावर, हे शाळेत फार कमी सांगतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा आपल्याकडचा इथे मोठ्या प्रमाणावर यायला लागला. पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्याच मालाला इथे 'सुरत' म्हणायचे, वऱ्हाडचाही त्यात आला. धागा आखूड, सारखा तुटायचा, पगार कापला जायचा, म्हणून विणकर त्याला शिव्या द्यायचे. सॅम्युअल लेकॉक नावाचा मँचेस्टरजवळच्या स्टॅलिब्रिजचा यंत्रमागावरचा कामगार, त्याने बोलीत गाणंच लिहिलंय सुरत विणणाऱ्या माणसाचं. तो कापूस पिकवणाऱ्याचं गाणं पण कुणीतरी म्हटलं असेलच आपल्याकडे, जात्यावर नाहीतर वेचणीला, फक्त ते कुणी छापलं नाही.

पण एक गोष्ट मला इथली मनापासून घ्यावीशी वाटते. माझी मुलगी पंधराची, जीसीएसई करतेय, म्हणजे आपल्या दहावीसारखी इथली परीक्षा. इंग्रजी साहित्याच्या पेपरला एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी सगळ्यांना करावीच लागते, सुटका नाही. तिला डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' आहे, १८४३ ची. पोरं कंटाळतात, अवतरणं घोकतात, कारण पुस्तक परीक्षेत नेता येत नाही, ते सगळं आहेच. पण प्रश्न काय असतो, तर उतारा दिलेला असतो आणि विचारतात की लेखकाने गरिबी कशी दाखवलीय, कुठल्या शब्दांनी, हा शब्द इथे का. डिकन्सला गरिबांसाठी काहीतरी करायचं होतं हे शिकवतात आणि त्याच तासाला त्याचं विशेषण का लागू पडतं हेही शिकवतात. मला शाळेत एकोणिसावं शतक भेटलं ते जोड्या लावा मध्ये. दर्पण, १८३२, बाळशास्त्री जांभेकर. निबंधमाला, १८७४, विष्णुशास्त्री. मार्क मिळाले, पान एकही वाचलं नाही. दहावीच्या पोरापोरींसमोर 'स्त्रीपुरुषतुलने'चं फक्त एक पान ठेवा आणि विचारा की हे वाक्य एवढं लांब का आहे, मध्ये थांबवलं तर काय बिघडेल. अभिजात दर्जाचा निधी येईल, अध्यासनं होतील, ती व्हायलाच हवीत, पण मला हे एक पान जास्त हवंय.

माझ्या मुलीला मराठी वाचता येत नाही, बोललेलं कळतं. ग्रुपवरचा तो वाद चालू असतानाच एका रविवारी मी किचनमध्ये तिला ताराबाई मोठ्याने वाचून दाखवल्या. मला वाटलं होतं दोन मिनिटांत उठून जाईल. संस्कृत वळणाचे शब्द तिला कळत नव्हते, पण प्रश्नामागून प्रश्न यायला लागले तशी तिने फोन उलटा ठेवला. मी श्वास घ्यायला थांबले तर म्हणाली, "आई, ही कुणावर एवढी ओरडतेय?" मी म्हटलं, सगळ्या पुरुषांवर. ती म्हणाली, "नाही, एक कोणीतरी समोर बसलाय तिच्या." मी इतक्या वेळा वाचलंय आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. मग तिने विचारलं बुलढाणा कुठे आहे, आजीच्या घरापासून लांब आहे का, आणि आम्ही मॅप उघडला, अकोला, बाळापूर, खामगाव, आणि तिने बोटाने पुढचा रस्ता ओढत नेला.