मळीला प्लॉट म्हटलं की

पाऊस वाढला की आमच्या सांगलीच्या ग्रुपवर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी यायला लागते, ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि त्याच्या मागोमाग ठरलेली भांडणं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची, वर कोयना धरणाचा विसर्ग आणि तिसरा प्रश्न खास माझ्यासाठी राखीव: "तुमच्या नेदरलँडनं समुद्र अडवला, मग आपल्याला कृष्णेला भिंत घालायला काय होतंय?"

मी राहतो नायमेखनला, वाल नदीच्या काठी. वाल म्हणजे ऱ्हाइनचाच मोठा फाटा. इथं पाण्याला लागून लगेच घरं सहसा नसतात, आधी नदी, मग बुटका उन्हाळी बांध, मग लांबलचक कुरण आणि त्याच्यानंतर खरा उंच हिवाळी बांध, वस्ती त्याच्या पलीकडं. मधल्या कुरणाला आउटरवार्ड म्हणतात. उन्हाळ्यात तिथं गुरं चरतात, लोक फिरायला येतात, हिवाळ्यात वरनं पाणी आलं की सगळं बुडतं आणि त्याची कुणी बोंब मारत नाही, कारण ती जमीन हिशोबात नदीच्या हिवाळी पात्रातच धरलेली असते. कोरडी दिसली तरी नदीच.

हे ऐकून आपल्या लोकांना लई भारी वाटतं, पण आपल्याकडं मळी होतीच की! कृष्णाकाठी कुणालाही विचारा, मळीचं रान म्हणजे काय. पुरात बुडणार, पोयटा बसणार, मग पीक जोरात येणार, म्हणून तिथं शेती करायची, घर नाही बांधायचं. (त्याच पोयट्याच्या विटा भाजायच्या. इथंही आउटरवार्डात जुन्या वीटभट्ट्यांच्या चिमण्या उभ्या आहेत, मातीच तशी.) नीरेकडं, भीमेकडं थडी म्हणतात, भीमथडीची तट्टं तर सगळ्यांना माहीत. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरायचं, ती गाळपेर. कोकणात गेलात तर भरतीचं पाणी शिरणारी खाजण. जमीन महसूल कायद्यातसुद्धा नदीनं आणून टाकलेल्या मळईची आणि नदीनं नेलेल्या जमिनीचा सारा कमी करायची सोय आहे, म्हणजे नदी देते आणि नेते हे सरकारलाही ठाऊक होतं.

मग झालं काय, तर त्या रानाची नावं बदलली. सांगलीत पाणी आधी कुठं शिरतं बघा, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर. २५ जुलै २०२४ ला पुण्यात खडकवासल्यातनं पाणी सोडल्यावर बुडाली ती सिंहगड रोडची एकतानगरी. मळीला एकदा प्लॉट किंवा नगर म्हटलं की तिथं पाणी आलं तर तो पूर, आणि पूर म्हणजे कुणाचा तरी गुन्हा, मग शोधा अलमट्टी. २०१९ च्या महापुरानंतरच्या वडनेरे समितीनं अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं होतं, पण ते सोयीचं नाही ना, म्हणून दरवर्षी पहिल्यापासून वाद सुरू.

आता भिंतीचं. डच लोकांनी शतकानुशतकं तेच केलं, बांध उंच करत गेले, नदी आवळत गेले. मग १९९३ ला पाणी आलं, १९९५ ला परत आलं, बांध फुटतील या भीतीनं अडीच लाखांच्या आसपास माणसं हलवली, गुरंढोरं वेगळीच. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला आणि 'नदीला जागा' नावाचा कार्यक्रम काढला, ३० पेक्षा जास्त ठिकाणी कामं, २३० कोटी युरोच्या घरात खर्च. आमच्या गावासमोर लेंटला बांध साडेतीनशे मीटर मागं सरकवला, मधे नदीला दुसरा फाटा खणून दिला. त्यात पन्नासेक घरं गेली. लोक काय हसत हसत उठले नाहीत, वर्षानुवर्षं विरोध चालला. म्हणजे ज्यांच्याकडं बघून आपण भिंत मागतोय ते बांध मागं घेतायत, आणि तिकडं पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरला नदीकाठ सुधार म्हणून काठ बांधून काढायचं चाललंय, त्याच्या विरोधात २०२३ ला लोकांनी चिपको केला तर विकासविरोधी ठरले.

पण इथं बसून "उठवा सगळ्यांना" म्हणणं मला जमत नाही. सांगलीत काठाकडं घर घेणाऱ्यातले किती जण हौसेनं गेले? गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा परवडला म्हणून गेले, पुढं २००१ च्या कायद्यानं राज्यभर गुंठेवारी नियमित व्हायला लागली, घरपट्टी घेतली, नळ दिला, लाइट दिली आणि आता म्हणायचं तुम्ही पूररेषेत आहात. लेंटमध्ये घरं विकत घेऊन पाडली, आपल्याकडं सानुग्रह अनुदानाची रांग. शिवाय डच काही देव नाहीत, जुलै २०२१ ला सांगली-चिपळूण बुडत होतं त्याच महिन्यात इथं लिम्बुर्खमध्ये छोट्या नद्यांनी गावं बुडवली होती.

मला एवढंच पाहिजे की निळी रेषा, म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, नुसती पाटबंधारेच्या नकाशात ठेवू नका. सातबाऱ्यावर लिहा, खरेदीखतावर लिहा, बिल्डरच्या ब्रोशरवर 'रिव्हर व्ह्यू'च्या शेजारी त्याच साइजच्या अक्षरात लिहा. जे आधीच राहतायत त्यांना गावातच दुसरीकडं जागा द्या, अनुदानावर दर पुरात होणारा खर्च एकदा तिकडं वळवून तरी बघा. ग्रुपवर हे टाकलं की उत्तर येतं, "तुला काय जातंय तिकडं बसून." खरंय, मला काही जात नाही, पण आमचं घर अजून कृष्णाकाठच्या सांगलवाडीतच आहे आणि आई तिथंच राहते.