रात्री एक वाजता धोतर

आमचा मुलगा बंगळुरूला असतो. तिथून त्याला रामबागेतल्या आमच्या घराचा वरचा मजला रिकामा दिसला. आम्हाला इथे राहून तो कधी रिकामा दिसला नव्हता. गाद्या, पितळी पिंपं, लग्नातले पाट आणि एक बंद पडलेलं शिलाई मशीन असा भरला संसार होता तिथे. पण "आई, प्रवासी पोरांना स्वस्तात एक पलंग हवा असतो, बाकी काही नको," असं त्याने ठासून सांगितलं आणि हॉस्टेल सुरू झालं. मालक बंगळुरूत, बाकीचा स्टाफ, म्हणजे मी, हे आणि सासूबाई, इंदुरात.

वेल्डिंगवाल्याने बंक बेड करून दिले. वरच्या पलंगाचं उद्घाटन करायला हे चढले आणि उठून बसताच पंख्याचं पातं कानाशी गुणगुणून गेलं. जुन्या घरांची छतं बुटकी, हे वेल्डिंगवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. पंखे उतरवून भिंतीला लावले, प्रत्येक पलंगाला पडदा, दिवा, चार्जिंगची सोय आणि कुलपाचा कप्पा दिला, आणि आम्ही पाहुण्यांची वाट बघत बसलो.

पाहुणे आले, पण इंदूरसाठी नव्हेत. उज्जैन ५५ किलोमीटर, पुढे ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू. इंदूर म्हणजे पाठीवरची पिशवी टाकायची जागा. आम्ही विकायचं ते एवढंच, झोप. आणि नेमकी तीच आमच्याकडे कुणाला नको असते.

कारण सराफा. दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या, त्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांवर भुट्टे का कीस, खोपरा पॅटीस, थंडीत जीरावन मसाला भुरभुरलेले गराडू, म्हणजे तळलेला कंद. हे सगळं आटोपून पोरं मध्यरात्रीनंतर, एकाला वगैरे परततात. तर महाकालाची भस्मारती असते पहाटे ४ ला. त्यासाठी उज्जैनला वेळेत पोचायचं तर इथून एकालाच निघायला हवं. म्हणजे एक पार्टी ढेकर देत जिना चढते तेव्हा दुसरी अंघोळ करून उतरते. मधल्या पायरीवर मी, हातात किल्ल्यांचा जुडगा.

अंघोळीवरून आठवलं. आमच्याकडे नळाला नर्मदा येते, तीही काठावरच्या जलूदहून पंपांनी घाट चढवून, एक दिवसाआड. आम्ही तिला बादलीत मोजून घेतो. पाहुणे शॉवरखाली अर्धा अर्धा तास उभे राहतात. सासूबाई बाथरूमबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि आतल्याला ऐकू जाईल अशा बेताने रामरक्षा म्हणतात. ती संपेपर्यंत नळ बंद झाला नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या प्रश्नही फार विचारतात. किती पगार, लग्न का नाही, आईला फोन केलास का. एका पुण्याच्या मुलाने उलट विचारलं, "आजी, तुमचं मराठी इतकं छान कसं? तुम्ही इंदूरला कधी आलात?"

"मल्हाररावांबरोबर."

"अच्छा, ते आता कुठे असतात?"

त्याने पाचपैकी चार तारे दिले. शेरा असा: स्टाफ प्रेमळ, पण चौकशी जास्त.

कचऱ्याचं सांगतेच. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिला नंबर काढणाऱ्या गावात राहायचं म्हणजे ओला, सुका, प्लास्टिक असे डबे वेगवेगळे. सकाळी गाडी गाणं लावून दारात येते. रात्रभर जागलेले तेव्हा कुठे डोळा लावून पडलेले असतात. त्यांच्या सुक्या डब्यातून केळ्याची सालं हे चिमट्याने वेचतात. परदेशी पाहुणा आला की २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरायचं कामही ह्यांचंच. एका बोटाने पासपोर्ट नंबर टिपतात, तीनदा ताडून बघतात, तेवढ्यात पान आपोआप बंद होतं.

परवा असाच एक साडेसहा फुटी डच मुलगा आला. त्याला भस्मारतीला धोतर नेसूनच जायचं होतं. बाजारातून विकत आणलं होतं बिचाऱ्याने, नेसवणार कोण? रात्री एक वाजता त्याने ह्यांचं दार ठोठावलं. हे लेंग्यावर बाहेर आले आणि जिन्याच्या दिव्याखाली सुरू झाले. "स्टँड! डोन्ट ब्रीद!" निऱ्या घालून झाल्या, कासोटा मागे खोचायला हे त्याच्याभोवती दोनदा फिरले. धोतर पोटऱ्यांवरच संपलं. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "अरे, सोड ते. पुन्हा नेसव. मांडी दिसतेय."

पुन्हा सोडलं. आणि नेमकी तेव्हाच सराफ्याची पार्टी जिन्यात शिरली. टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल. खाली टॅक्सीवाल्याचा हॉर्न. समोरच्या काकांची खिडकी उघडली, आणि उघडीच राहिली. डच मुलगा दोन्ही हात वर करून, श्वास रोखून उभा. ह्यांनी शेवटी स्वतःच्या पँटचा पट्टा आणून त्याच्या धोतरावर आवळला आणि त्याला महाकालाच्या हवाली केलं.

दुसऱ्या दिवशी बंगळुरूहून फोन. "आई, बाबांचा व्हिडिओ जबरदस्त चाललाय!" आणि आम्हाला न विचारता त्याने सोयींच्या यादीत भर घातली: वायफाय, लॉकर, धोतर (नेसवून).

ह्यांनी वरवर कुरकुर केली, पण संध्याकाळी राजवाड्यापाशी जाऊन मोठ्या पन्ह्याची दोन धोतरं घेऊन आले. अनामत २०० रुपये. हे ऐकून सासूबाईंनीही नऊवारी नेसवून देण्याचं जाहीर केलं. फक्त मुलीने नेसताना मोबाइल बघायचा नाही, ही अट.

आज रात्रीचं बुकिंग चार धोतरं, एक नऊवारी. ह्यांनी दुपारीच झोप काढून घेतलीय. मी पट्टे मोजतेय.