गाणं नाही म्हणून कंटाळवाणा?

वरच्या लेखात अमेरिकन ब्लूज गिटारवादक फ्रेडी किंगच्या १९६१ च्या वाद्यसंगीताच्या अल्बमला 'एकसुरी' म्हटलंय, ते काही पटलं नाही. बाराही तुकडे लागोपाठ ऐकले तर थोडं तसं वाटतं, मान्य. पण त्यातलं 'हाइड अवे' नीट ऐका हो! ताल चालू असताना मध्येच सगळे थांबतात, गिटार एकटीच एक वाकडा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) टाकते आणि पुन्हा सगळे शफलवर, म्हणजे त्या झुलत्या लयीवर येतात. नाव शिकागोतल्या एका बारचं, त्यामुळे नाचायला लावणारच. त्याच अल्बममधलं 'द स्टंबल' तर मूळ कॉर्डवर सुरूच होत नाही, थेट चौथ्या सुरावरच्या कॉर्डवरून. पहिल्यांदा ऐकताना सम कुठे तेच कळत नाही.

आणि किंगच्या गिटारचा तो धारदार आवाज नुसत्या अँपचा (अँप्लिफायरचा) नाही. तो अंगठ्यात प्लास्टिकची नखी घालायचा, तर्जनीत धातूची. लेखात याचा उल्लेखच नाही, कमाल आहे!

ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर 'हाइड अवे' वाजवलं. तेच जास्त भारी, असं वरच्या एका प्रतिक्रियेत म्हटलंय. आवाज जाड आहे खरा, पण मला मूळचंच आवडतं. तिथे सनी थॉम्पसनचा पियानो मागून हळूच टोचत राहतो. हेडफोन लावून ऐका.