मत देईन, सांगणार नाही

आज दुपारी प्रचाराची पोरं दारावर आली होती. ओळखीचीच पोरं, दोघं तर माझ्याकडे शिकवणीला यायचे. एकाच्या हातात मतदार यादी होती आणि गल्लीतल्या प्रत्येक नावापुढे पेनानं खूण केलेली. टिक म्हणजे आपला, फुली म्हणजे समोरच्याचा. आमच्या घरातल्या सगळ्या नावांपुढे प्रश्नचिन्ह. मी वाकून पाहिलं तसा पोरगा जरा ओशाळला. म्हणाला, "काकू, एकदाचं सांगून टाका ना. वरून रोज विचारतात, तुमच्या बूथवर डाउटफुल किती." मी पाणी दिलं, दोन शब्द बोलले, पोरं पुढच्या दारी गेली. आणि मग माझं जे डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

डाउटफुल! या गल्लीत आमचं आयुष्य गेलं, घरपट्टी वेळेवर भरतो, प्रत्येक निवडणुकीत सकाळी सकाळी रांगेत उभे राहतो, आणि संशयित कोण, तर आम्ही. कारण काय, तर आमच्या गाडीवर कुणाचा झेंडा नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीत कुणाचा नेता नाही.

माझी माय आठवली. माहेर पारोळा तालुक्यातलं. आमचे नाना एका पक्षाचे कट्टर, सभा असली की फेटा बांधून पहिल्या ट्रॅक्टरवर बसणारे. मतदान करून दोघं घरी आले की ओट्यावर टेकत नाना हटकून विचारायचे, कुणाला टाकलं? माय चुलीकडे जाता जाता म्हणायची, "जठे देनं व्हतं तठे दिधं." म्हणजे, जिथे द्यायचं होतं तिथे दिलं. बस. त्यापुढे एक अक्षर नाही. नाना चिडायचे, हसायचे, पुन्हा विचारायचे. तिनं कधीच सांगितलं नाही. शाळेत जेमतेम चार इयत्ता शिकलेली बाई. मताची गुप्तता हा तिचा हक्क आहे, कायद्यानं तिला कुणीच उत्तर मागू शकत नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण पाळलं तिनं, आयुष्यभर.

आज मात्र न सांगणारा माणूस कुणालाच चालत नाही. लग्नाच्या पंगतीत विचारतात, दारावर बसायला गेलं तिथंही विचारतात. मेलेल्या माणसाचा विषय पाच मिनिटं, आणि मग सुरू होतं. काल-परवा एका नात्यातल्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की यंदा कापूस व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली द्यावा लागतोय, यावर दोन्ही बाजूंनी बोलावं. एकानं लगेच विचारलं, "तुम्ही तिकडच्या झालात का?" दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाकडून तेच विचारलं. कापसाबद्दल कुणीच बोललं नाही! दोघांच्याही घरात कापूस पडून आहे.

आणि हे सगळं कुणासाठी? माझ्या दोन पुतण्यांमध्ये पक्षावरून अबोला आहे. सख्खे भाऊ, भिंतीला भिंत लागून घरं. भाऊबीजेला एक आला की दुसरा निघून जातो. आणि ज्यांच्यापायी हा अबोला धरला ते नेते? २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा. निशाण्या आयोगाकडून वाटून मिळाल्या. काल ज्यांनी एकमेकांचे वाभाडे काढले ते आज एका मंत्रिमंडळात शेजारी बसून फोटो काढतात. त्यांना अदलाबदल करायची मुभा, आणि मतदारानं मात्र जन्मभर एकनिष्ठ राहायचं? निष्ठा फक्त खालच्यांनीच पाळायची का?

कुणी म्हणेल, मग अपक्षाला द्या. दिलंय की! आमच्या अमळनेरनं २००९ ला आणि २०१४ ला लागोपाठ अपक्ष आमदार निवडून दिला. २०१९ ला मुक्ताईनगरनं दिला, साक्रीनं दिला. मुक्ताईनगरचा निकाल तर १,९५७ मतांनी लागला होता. पुढे २०२२ च्या जूनमध्ये ते दोघंही फुटलेल्या आमदारांसोबत गुवाहाटीला दिसले. म्हणजे अपक्ष उमेदवार ही वेगळी गोष्ट, त्याला तिकीट मिळालं नाही म्हणूनही तो अपक्ष असू शकतो. मी बोलतेय ते मतदाराबद्दल. त्याला गुवाहाटीला कोण नेणार? तो इथंच राहतो, याच रस्त्यानं, याच नळावर.

आणि तोच निकाल फिरवतो. १,९५७ मतं म्हणजे किती हो? दोन-चार गावांचा हिशोब. २०२४ ला धुळे लोकसभेत १० लाखांच्या वर मतं पडली आणि फरक किती, तर ३,८३१. आता कुणी म्हणेल की धुळ्याचा निकाल त्याच लोकसभेत येणाऱ्या मालेगाव मध्य या विधानसभा मतदारसंघाच्या एकगठ्ठा मतांनी लागला. बरं, त्या मतांशिवाय तो तसा लागला नसता, हे खरंय. पण गठ्ठे दोन्हीकडे होते की नाही? गठ्ठ्याला गठ्ठा भिडला आणि वर तीन-चार हजार उरले. त्यातली काही तरी मतं अशा माणसांची असणारच, ज्यांनी शेवटपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही.

मायची एक गोष्ट सांगायलाच हवी. एका ग्रामपंचायतीला नानांचे चुलतभाऊ पॅनल घेऊन उभे होते आणि आमच्या वॉर्डात थोडक्या मतांनी पडले. संशय सरळ आमच्या घरावर, म्हणजे मायवर. संध्याकाळी चार-पाच माणसं बेलभंडारा घेऊन घरी आली. म्हणे, वहिनी, यावर हात ठेवून सांगा, मत आपल्या पॅनलला दिलं. नाना खाली मान घालून बसलेले. मी दारामागे उभी. मायनं बेलभंडारा हातात घेतला, कपाळाला लावला, आत नेऊन देव्हाऱ्यात ठेवला आणि परत येऊन चुलीवर चहा ठेवला. शपथ घेतली नाही. सगळ्यांना चहा दिला. माणसं चहा पिऊन उठून गेली. त्यानंतर नाना कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि तिनंही त्यांची मनधरणी केली नाही.

तिला भीती वाटली नसेल का? वाटली असणारच. घरातला पुरुष विरोधात, भाऊबंद विरोधात. म्हणून मला राग येतो, जेव्हा कुणी शिकलासवरला माणूस फेसबुकवर लिहितो की जो बाजू घेत नाही तो भित्रा. टाळ्या वाजवणाऱ्या हजारांत उभं राहायला कसली हिंमत लागते?

हो, आहेत असेही जे स्वतःला तटस्थ म्हणवतात आणि आदल्या रात्रीच्या पाकिटाची वाट बघतात. त्यांचं मी समर्थन करत नाही. आणि काही वेळा उघड बाजू घ्यावीच लागते, मान्य. कुणावर अन्याय होत असेल तर तिथं गप्प बसणं हे पाप. पण ती बाजू त्या माणसाची घ्यायची, चिन्हाची नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या पोरांचंही मला वाईट वाटतं. डिग्री घेऊन घरी बसलेली पोरं. नोकरी नाही, शेतात राम नाही, चार दिवस पेट्रोल आणि जेवण मिळतं, कुणी नावानं हाक मारतं, "आपला माणूस" म्हणतं. त्यांना यादी कुणीतरी दिली आहे. राग त्या देणाऱ्यावर आहे.

कारण ही यादी निवडणुकीपुरती नसते. मशीन आल्यापासून मोजणी बूथनिहाय होते, कुठल्या बूथवर कुणाला किती हे कागदावर छापून येतं आणि कुणीही बघू शकतं. एका बूथवर मोजक्याच गल्ल्यांची मतं असतात. निकालानंतर आठवडाभरात सगळ्यांना कळतं कुठली गल्ली "फिरली". मग त्या गल्लीचा रस्ता मागे पडतो, गटारीचं काम पुढच्या वर्षावर जातं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा आयोगाला गरज वाटली तर वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता यायच्या. मशीनसाठीही तशी सोय, टोटलायझर म्हणतात तिला, आयोगानं २००८ मध्येच सुचवली होती. विधी आयोगानंही २०१५ च्या अहवालात तीच शिफारस केली. झालं काहीच नाही. कसं होईल? मतदार ओळखू आला नाही तर धमकावायचं कुणाला आणि कामाचा उपकार दाखवायचा कुणाला?

मायच्या वेळी मात्र गंमत वेगळी होती. बेलभंडाऱ्याच्या त्या प्रकारानंतर दोन्ही पॅनलची माणसं तिच्याशी नीट वागायला लागली. गल्लीतला हातपंप बंद पडला की निरोप न धाडता दुरुस्तीला माणूस यायचा. कधी ह्यांचा, कधी त्यांचा. पंपावर पाणी भरणाऱ्या सगळ्या बायका मायच्या बरोबरीच्या, आणि त्यांचंही कुणाला काही कळत नव्हतं. जी मतं खिशात आहेत असं वाटतं त्यांच्यासाठी कोण घाम गाळतं? हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, मला कुणी राजकारण शिकवू नये.

कुणी नोटाचा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' या बटणाचा, सल्ला देईल. विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी खालचा उमेदवार निवडून येतो. आपल्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरतं तरी ठरवलं की नोटा पुढे गेला तर निवडणूक पुन्हा घ्यायची. चांगलं केलं. पण मला नोटा दाबायचा नाही. मला माणूस निवडायचाय, आणि पाच वर्षांनी तो नालायक निघाला तर दुसरा निवडायचाय, कुणालाही खुलासा न देता.

माय शेवटच्या आजारात होती तेव्हा मी गमतीनं विचारलं होतं, त्या पॅनलच्या वेळी कुणाला दिलं गं? नाना जाऊन बरीच वर्षं झाली होती, ते पॅनलवालेही फारसे उरले नव्हते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला.

तर ज्यांना ज्यांना आमच्या दारी यायचंय त्या सगळ्या पक्षांना सांगते, जरूर या. पाडळसरे धरणाचं पाणी प्रत्यक्ष शेतात कधी येणार, नळाला पाणी किती दिवसांआड देणार, कापूस खरेदी केंद्र दिवाळीआधी सुरू करायला तुम्ही काय करणार, याची उत्तरं घेऊन या. टोटलायझरची मागणी तुमचा पक्ष करणार का, तेही लिहून आणा. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते. यादी आणि पेन मात्र गाडीतच ठेवून या.