हनुक्का म्हणजे ‘ज्यूंचा ख्रिसमस’ नाहीये
सकाळपासून तीन ग्रुपवर तोच मेसेज आलाय, की हनुक्का म्हणजे ज्यू लोकांचा ख्रिसमस, येशूच्या जन्माचा सण. असं नाहीये हो. इ.स.पू. १६४ मध्ये ज्यू सेनानी यहूदा मक्काबीच्या लोकांनी जेरुसलेमचं विटाळलेलं मंदिर शुद्ध केलं, ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ला नवी वेदी वापरात आणली, त्याची ही आठवण, आणि ती दरवर्षी आठ दिवस पाळायची हे मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात लिहिलंय, आमच्या घरच्या कॅथलिक बायबलमध्ये आत्ताच परत वाचलं. उलट योहानाच्या शुभवर्तमानात १०:२२ बघा, हिवाळा आहे, हाच सण चालू आहे आणि येशू स्वतः मंदिरात फिरतोय! २५ आकड्यामुळे गोंधळ होत असेल, पण किस्लेव चांद्र महिना, तारीख दिवाळीसारखी सरकते. प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा.