‘बोल्ट जोरात बंद करा, बुलेट आपोआप बसेल’: हा सल्ला पुढे पाठवू नका

माझा मेहुणा टेक्सासात असतो. हरणाच्या शिकारीसाठी लागणारी .३०८ विंचेस्टरची काडतुसं तो हल्ली घरीच भरतो: पितळी केसमध्ये (काडतुसाच्या नळीत) प्राइमर (ठिणगी पाडणारी टोपी) आणि पावडर घालून तिच्या तोंडात प्रेसने बुलेट दाबून बसवतो. तिथे स्वतःच्या वापरासाठी भरायला परवाना लागत नाही. परवा त्याने मला एक फिरत आलेला संदेश पाठवला: ‘बुलेट नीट बसत नाही? पाच सोपे उपाय’. खाली विचारलं होतं, ‘दाजी, हे बरोबर आहे ना? आमच्या ग्रुपवर सगळे हेच करतात.’

नाही, बरोबर नाही. आणि सगळे हेच करत असतील तर ते आणखी वाईट.

ते पाच उपाय थोडक्यात असे. बुलेट बसवताना अडली तर प्रेसचं हँडल जोरात ओढा किंवा बुलेटला तेल लावा. सैल बसली तर करकचून क्रिम्प करा (केसचं तोंड बुलेटवर आवळा). बुलेट कुठलीही असो, काडतुसाची एकूण लांबी काडतूस भरण्याच्या पुस्तकातल्या आकड्याएवढी ठेवा. लांबी कमी-जास्त येत असेल तर डाय (प्रेसमधला बुलेट बसवणारा साचा) बदला. आणि पाचवा: काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत) पूर्ण जात नसेल तर बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जोर लावून बंद करा, रायफलिंगच (नळीच्या आतल्या पिळाच्या कडा) बुलेटला मागे ढकलून जागेवर बसवेल.

पाचव्यापासून सुरुवात करतो, कारण यात माणूस जायबंदी होऊ शकतो.

बोल्ट बंद होत नाही याची कारणं निदान चार आहेत. बुलेट फार बाहेर राहिली असेल आणि रायफलिंगला टेकत असेल. वापरलेली केस पूर्ण साइझ झाली नसेल, म्हणजे डायमध्ये दाबून मूळ मापाला आली नसेल. बुलेट बसवताना केसचा खांदा (मानेखालचा उतार) दबून फुगला असेल. किंवा केसच लांब झाली असेल. बाहेरून चारही सारखीच वाटतात, हाताला फक्त अडल्याचं कळतं. जोर लावणारा माणूस पहिलंच कारण आहे असं गृहीत धरतो. पण केस लांब असेल तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला घुसून बुलेटभोवती आवळलं जातं. मग गोळी सुटताना मानेला फाकायला जागा उरत नाही, बुलेट वेळेवर सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. .३०८ साठी ‘सामी’ने, म्हणजे अमेरिकेतल्या शस्त्र-काडतूस उत्पादकांच्या १९२६ पासूनच्या मानक संस्थेने, कमाल सरासरी दाब ठरवला आहे चौरस इंचाला ६२,००० पौंड. नेहमीचं काडतूसच त्या मर्यादेच्या आसपास काम करतं. तुमचा चेहरा त्या बोल्टपासून वीतभर अंतरावर असतो.

समजा कारण पहिलंच आहे, बुलेट रायफलिंगमध्ये रुतली आहे. तरी दाब वाढतोच, कारण सुरुवातीला मोकळं धावायला तिला जागा मिळत नाही. शिवाय हरीण निघून गेलं आणि काडतूस न झाडता बाहेर काढलं, तर बुलेट नळीतच अडकून राहते आणि उघड्या पडलेल्या केसमधली पावडर बोल्ट, ट्रिगर, मॅगझिनमध्ये सांडते. ऐन जंगलात, थंडीत बधिर झालेल्या बोटांनी हे निस्तरायचं.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकतो. बेंचरेस्टचे (टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणारे) काही नेमबाज मुद्दाम बुलेट सैल मानेत लांब बसवतात आणि बोल्टनेच ती मागे सरकवतात. पण ते एकेक काडतूस हाताने चेंबरमध्ये ठेवतात, प्रत्येक केसची लांबी मोजलेली असते, आणि पावडर कमी करून हळूहळू वर गेलेले असतात. शिकारीच्या रायफलशी त्याचा संबंध नाही.

मग करायचं काय? पावडर आणि प्राइमर नसलेलं एक डमी काडतूस घ्या. बुलेट, खांदा आणि केसचं तोंड काळ्या मार्करने रंगवा. चेंबरमध्ये अलगद ढकला, बाहेर काढा आणि उजेडात फिरवून बघा. बुलेटच्या वळणावर सारख्या अंतराने छोट्या चकचकीत रेघा दिसल्या तर रायफलिंग टेकतंय, बुलेट थोडी आत घ्या. खांद्यावर पूर्ण कडं घासलं असेल तर साइझिंग नाहीतर फुगलेला खांदा. तोंडाची कड चमकत असेल तर केस ट्रिम करा: .३०८ ला कमाल २.०१५ इंच, ट्रिम करायची २.००५ ला. पाच मिनिटांचं काम आहे हे!

आता क्रिम्प. बुलेट सैल बसते तेव्हा दोष बहुतेक मानेच्या पकडीत असतो. एक्सपांडरचा (मान आतून फाकवणारा) गोळा जाड असतो, किंवा पितळ वारंवार वापरून कडक झालेलं असतं आणि दाबल्यावर परत उसळतं. त्यावर अनीलिंग (मान तापवून पितळ मऊ करणं) हा उपाय आहे. वरून क्रिम्प आवळून सैल मान घट्ट होत नाही. खाच नसलेल्या बुलेटवर आवळलंत तर बुलेट चेपते, आणि डाय फार खाली असेल तर खांदा फुगतो, म्हणजे पुन्हा तोच बोल्ट अडकणार. डाय बसवायची रीत साधी आहे: साइझ आणि ट्रिम केलेली रिकामी केस रॅमवर (प्रेसच्या वर सरकणाऱ्या दांड्यावर) घेऊन वर न्या, डाय हाताला अडेपर्यंत खाली फिरवा, मग एक पूर्ण आटा उलटा आणि लॉकनट घट्ट. बुलेटची खोली पुढे फक्त स्टेमने (डायमधल्या बुलेट ढकलणाऱ्या दांडीने) ठरवायची. .३०-३० सारख्या नळीच्या मॅगझिनला क्रिम्प हवाच, हे मान्य. बोल्ट-ॲक्शन .३०८ ला सहसा गरज नाही.

तेल तर लावूच नका. ते प्राइमर-पावडरपर्यंत पोचतं, आणि केस बाहेरून तेलकट राहिली तर चेंबरच्या भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो. बुलेट अडते आणि तांब्याची साल निघते ती बहुधा तोंडाच्या आतल्या धारेमुळे. चॅम्फर टूल (ती धार घासून काढणारं अवजार) दोन-तीनदा हलक्या हाताने फिरवा.

लांबीबद्दल: २.८१० इंच ही ‘सामी’ची .३०८ साठीची कमाल लांबी आहे. ती प्रत्येक बुलेटसाठी नाही. पुस्तकातला आकडा त्यात नाव दिलेल्या बुलेटपुरताच. आणि लांबी कमी-जास्त येण्यात डायचा दोष क्वचित असतो. मऊ शिशाची किंवा पोकळ टोकं मुळातच एकसारखी नसतात, आणि तुम्ही कॅलिपरने टोकच मोजता. कॅलिपरला कंपॅरेटर (टोकाऐवजी वळणावर टेकणारा जोड) लावून केसच्या बुडापासून ओजाइव्हपर्यंत (बुलेटच्या वळणापर्यंत) मोजा. बुलेटवर गोल ओरखडा उमटत असेल तर मात्र स्टेम तिच्या आकाराला जुळत नाही, तो बदलावा.

हाच संदेश भारतातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही गेलाय म्हणून एक वाक्य: शस्त्र कायदा १९५९, कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, बंदुकीचा परवाना असला तरी.

मेहुण्याला सांगितलंय, या उपायांनी भरलेलं एकही काडतूस झाडू नकोस. सगळी पुलरने (बुलेट ओढून काढायच्या अवजाराने) उघड, पक्कड लावू नकोस. आणि काढलेली पावडर कुठली याची खात्री नसेल तर ती डब्यात परत ओतू नकोस.