खुलासा: अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं ‘डायव्हर्जन’ म्हणजे माफी नाही

‘ओरेगॉनमध्ये पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात तर एक क्लास करा, केस मिटते, लायसन्स, व्हिसा दोन्ही सुरक्षित,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्याची मुदत हुकते.

मेसेजमध्ये ज्याला नुसता ‘क्लास’ म्हटलंय, ते म्हणजे डायव्हर्जन: वर्षभर कोर्टाच्या अटी पाळल्या तर केस रद्द होण्याची सवलत. ती आपोआप मिळत नाही. कोर्टातल्या पहिल्या हजेरीपासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. त्याच अर्जात ‘गुन्हा कबूल’ किंवा ‘विरोध नाही’ असं लिहून सही द्यावी लागते. वर्षभरात अटी मोडल्या, तर खटला न चालता याच सहीवर थेट शिक्षा होते. व्यसन-तपासणी, उपचार, पीडितांच्या कुटुंबीयांचं म्हणणं ऐकण्याचं सत्र, गाडीत श्वास तपासणारं इंटरलॉक, हे सगळं आलंच.

लायसन्सचं प्रकरण वेगळं, ते कोर्टाकडे नाही, डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या लायसन्स खात्याकडे. श्वासचाचणीत नापास झाल्यास पहिल्या वेळी 90 दिवस, नकार दिल्यास वर्षभर निलंबन. सुनावणी हवी असेल तर अटकेपासून 10 दिवसांत मागायची. इथेच बहुतेक घोळ होतो.

आणि आपल्या एच-वन बीवाल्यांनी (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी) नीट वाचावं: नुसत्या अटकेवरही व्हिसाचा शिक्का रद्द होऊ शकतो. अमेरिकेतलं वास्तव्य त्याने लगेच संपत नाही, पण भारतात आलात की नवा व्हिसा, वैद्यकीय तपासणीसकट. सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.